गुलाबी पत्रक आणि ताकदीची बाटली

"तेच हाय की न्हाय?" शालनआक्कांनी विचारलं.

शेडच्या दारात पालथ्या घमेल्यावर वर्तमानपत्र पसरून मी मेलेलं पिल्लू कापत होते. सकाळपासूनचं आठवं. कोंबडीच्या आतड्याच्या शेवटाला दोन पिशव्या असतात. बोटासारख्या, एका टोकाला बंद. आम्ही त्यांना आंधळी आतडी म्हणतो. या पिल्लात त्या फुगून काळ्या-लाल झाल्या होत्या. कात्रीचं टोक लावलं तशा रक्ताच्या गाठी कागदावर आल्या.

"तेच आहे," मी म्हणाले.

"मग औषध काय करतंय?"

औषध चालू होऊन चार दिवस झाले होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मरतूक कमी व्हायला हवी होती. ती वाढली होती. मी वर्तमानपत्राची घडी केली आणि खड्ड्यात टाकली. आक्कांनी वर चुना टाकला.

मोबाइलवर इनकमिंग फुकट झालं, त्या सुमाराची ही गोष्ट. मी पशुवैद्यकाची डिग्री घेऊन नुकतीच बाहेर पडले होते आणि कोल्हापुरात एका संस्थेत लागले होते. ऑफिस मंगळवार पेठेत. माझी भाड्याची खोली त्याच्या मागच्याच गल्लीत. संस्थेनं गडमुडशिंगीच्या बाहेर बायकांच्या एका बचत गटाला कोंबड्यांची शेड बांधून दिली होती. गटातल्या सगळ्या बौद्ध वस्तीतल्या, एरवी दुसऱ्याच्या रानात भांगलायला, म्हणजे तण काढायला जाणाऱ्या. शेडची जबाबदारी शालनआक्कांवर होती. पन्नाशीची बाई. आवाज असा, की रस्त्यावरून एस.टी.वाला वळून बघेल. पिल्लं रंगीत जातीची, दिसायला गावठीसारखी. ती आखाडात विकायची होती. श्रावण लागला की कोल्हापुरात कोंबडीला गिऱ्हाईक नसतं, त्यामुळे आजार बरा व्हायला फार दिवस हातात नव्हते.

आता आजार कोणता ते सांगते. त्याचं नाव कॉक्सिडिओसिस. धंद्यातले लोक नुसतं कॉक्सी म्हणतात, बायका रक्ती हगवण म्हणतात. हा डोळ्याला न दिसणारा परजीवी कोंबडीच्या आतड्यात राहतो, तिथंच वाढतो आणि आतड्याचा पापुद्रा फोडतो. त्याची बीजं विष्ठेतून खाली पडतात. खाली अंथरलेल्या भाताच्या तुसाला आम्ही लिटर म्हणतो. लिटर दमट असलं की ती बीजं एक-दोन दिवसांत पिकतात. पिल्लू खाली चोच मारतं आणि ती गिळतं. तीन-चार आठवड्यांच्या पिल्लाला हा रोग सगळ्यात जास्त छळतो.

आणि हा रोग सगळीकडे असतो. हे वाक्य लोकांना आवडत नाही, पण खरं आहे. त्या वर्षी मी जितक्या शेडमधून विष्ठा गोळा केली, तितक्या सगळ्यांत तो सापडला. कृती सोपी आहे. मिठाच्या दाट पाण्यात विष्ठा कालवायची, गाळायची, थांबायचं. बीजं हलकी असतात, वर तरंगतात. वरचा थेंब काचेवर घ्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा. फरशी लखलखीत असलेली शेड असो, दारात पाय धुवायला लावणारा मालक असो, काचेवर ती गोल गोल बीजं असायचीच. कुठं दोन-चार, कुठं मोजता येणार नाहीत इतकी. थोडी असली तर पिल्लं सोसतात, उलट त्यांना रोगाशी झुंजायची ताकद येते. फार झाली की मरतात.

संस्थेचा मायक्रोस्कोप वरच्या मजल्यावर, मोडक्या खुर्च्या ठेवलेल्या खोलीत होता. दुपारी खाली सगळे डबे उघडून एकत्र बसायचे. मी वरच खायचे. माझ्या हाताला कसला वास येतो हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं. पण जेवायला हाक मारायलाही कधी कुणी जिना चढून आलं नव्हतं. बरोबरच्या पोरी पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत लागल्या होत्या. फोन केला की म्हणायच्या, मीटिंगमध्ये आहे गं. मी काचेवरच्या बीजांकडे बघत भाकरी खायचे.

त्या एकटेपणातून पत्रक निघालं. आमचं घर हुपरीचं. माझे चुलते दिवसभर चांदीच्या पैंजणांना डाग द्यायचे, म्हणजे कड्या जोडायचे, आणि संध्याकाळी चळवळीची पत्रकं लिहायचे. त्यांच्या हाताखाली मी शाळेत असल्यापासून पत्रकं लिहिली. त्यांचे नियम पक्के होते. वाक्य छोटं. मथळा मोठा. दोषी कोण ते नाव घेऊन सांगायचं. कागदाला पैसे पडतात, तेव्हा रिकामी जागा सोडायची नाही.

आधीच्या खेपेला आक्कांच्या शेडमध्ये थोडी पिल्लं गेली होती. शेजारी ओढ्यापलीकडं तात्यांची मोठी शेड होती. तात्या म्हणजे गावातलं वजनदार माणूस. ते चावडीत म्हणाले होते, "ह्या बायकांनी रोग आणला. घान ठेवत्यात, दुसरं काय?" मी तात्यांच्याच शेडमधली विष्ठा मागून आणली, मायक्रोस्कोपखाली घातली, तर तिथंही तीच बीजं! मग मी पेटले. गुलाबी कागदावर पत्रक काढलं. मथळा: 'कॉक्सी घाणीचा रोग नाही, सगळ्यांचा रोग आहे!' खाली लक्षणं, लिटर कोरडं कसं ठेवायचं, औषध कोणतं, पाण्यात किती. आक्कांच्या शेडच्या खांबाला ते चिकटवलं. आजूबाजूच्या गावांत एस.टी.नं फिरून वाटलं. माझ्या हातून त्या वर्षात झालेलं सगळ्यात चांगलं काम ते, असं मला वाटत होतं.

आणि आता त्याच शेडमध्ये आधीपेक्षा जास्त मरत होती. तात्यांच्या शेडलाही त्याच आठवड्यात कॉक्सी लागली होती. त्यांनी तेच औषध दिलं. त्यांची पिल्लं तिसऱ्या दिवशी दाणे टिपायला लागली.

संचालकांनी मला खाली बोलावलं. आम्ही त्यांना सर म्हणायचो.

"रोग तोच ना, डॉक्टर?"

"तोच."

"औषध?"

"तेच. एकाच दुकानातलं."

"मग फरक कशात राहिला? माणसांत. मान्य करा की! त्या लोकांना शेड सांभाळायची सवय नाही."

"सर, त्या लोकांतलीच मी आहे."

सर म्हणाले, "तुमचं वेगळं. तुम्ही शिकलात."

"त्यांनी काय कमी केलंय ते सांगा. मी शेडवर जाते, तुम्ही येत नाही."

"आवाज खाली. सोमवारी कमिटी बसतेय. तोवर मरतूक थांबली नाही, तर शेड बंद करायची आणि तिथं गांडूळखत सुरू करायचं. आणि कारण लिहावं लागेल. निष्काळजीपणा. जबाबदार व्यक्तीचं नावही टाकावं लागतं."

म्हणजे शालनआक्कांचं नाव. गावात तात्या बोलत होते, आता कागदावर शिक्क्यानिशी तेच येणार होतं. एकदा आलं की त्या वस्तीतल्या बायकांना पुन्हा कोण शेड देणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडवर जाऊन बसले. माझ्याच पत्रकाची एक प्रत घेतली आणि ओळीओळीला खूण करत गेले. लिटर कोरडं? मुठीत धरून दाबलं, गोळा झाला नाही. बरोबर. पाण्याची भांडी घासलेली? बरोबर. आक्कांनी दाताळ्यानं तूस खालवर केलं, वरून चुना भुरभुरला. बरोबर. औषधाची भुकटी सपाट चमच्यानं मोजली, मी सांगितलं होतं तशी. बरोबर. मग कोनाड्यातली टॉनिकची लाल बाटली काढून दोन टोपणं पाण्यात ओतली. तीही पत्रकात होती. बरोबर.

सगळ्या ओळींसमोर खुणा झाल्या. चूक एकही नाही. त्या दिवशीही पिल्लं मेलीच.

"म्याडम, तात्या म्हनत्यात तेच खरं काय ओ?" आक्कांनी विचारलं. त्या कधीच हळू बोलत नसत. तेव्हा हळू बोलल्या. "आमच्या हाताचाच गुन असंल काय?"

मला राग आला. आक्कांचा नाही. चुलत्यांच्या नियमाप्रमाणे दोषी शोधायला हवा होता, आणि एकच जण उरला होता: दुकानदार. औषध डुप्लिकेट असणार. तात्यांना असली देतो, गरीब बायकांना नकली. माझ्या डोक्यात पुढचं पत्रक तयारही झालं.

संध्याकाळी कोल्हापुरात परतून मी दुकानात गेले. जनावरांच्या औषधांचं जुनं दुकान. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. जैन माणूस, सूर्य बुडायच्या आत जेवणारा. बायका त्यांची चेष्टा करायच्या, "अंडं खात न्हाय आन् कोंबडीचं औषध इकतंय!" त्यावर अण्णांचं ठरलेलं उत्तर, "जगवायलाच इकतोय की, बाई."

मी काउंटरवर हात आपटून म्हणाले, "अण्णा, तुमचं औषध बोगस आहे."

दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. ती थांबून बघायला लागली.

"बसा, डॉक्टर."

"बसायला आले नाही. तात्यांना एक माल आणि गटाला दुसरा?"

अण्णांनी शांतपणे मागच्या खोक्यातून एक पाकीट काढलं. "ह्यातलंच तात्यांना, ह्यातलंच तुमच्या आक्कांना. नंबर बगा." मग पाकीट फोडलं आणि आतला घडीचा कागद माझ्यापुढं सरकवला. मुंगीएवढी अक्षरं. "हे वाचलायसा?"

"मी डॉक्टर आहे, अण्णा."

"व्हय, म्हनूनच इच्चारतोय. वाचा की."

मी वाचलं. तिसऱ्या परिच्छेदात होतं. हे औषध चालू असताना बी-वन व्हिटॅमिन असलेलं टॉनिक देऊ नये.

हे औषध काम कसं करतं, ते सांगते. परजीवीला वाढायला बी-वन व्हिटॅमिन लागतं. औषध दिसायला हुबेहूब त्या व्हिटॅमिनसारखं असतं. परजीवी फसतो, खरं समजून औषध घेतो आणि उपाशी मरतो. बस्स, एवढंच. पण सोबत तुम्ही खरं व्हिटॅमिन वाढलंत, तर त्याला फसायचं कारणच उरत नाही. तो जेवतो आणि वाढतो. हे मला कॉलेजात शिकवलं होतं. परीक्षेतही लिहिलं होतं.

"तात्या टॉनिक नेत नाहीत?" मी विचारलं.

"तात्या? त्यो फुकट दिलं तरच नेईल! तुमच्या गटाच्या बायका नेत्यात. एक पाकीट, एक बाटली." अण्णांनी काउंटरच्या काचेखाली बोट दाखवलं. तिथं माझं गुलाबी पत्रक होतं. "मी म्हनलो, डॉक्टरनी छापलंय, म्हंजे काय तरी नवीन निघालं असंल. मी बी काय बोललो न्हाय. माझंबी चुकलंच."

पत्रकाची शेवटची ओळ होती: 'अशक्तपणा येऊ नये म्हणून सोबत ताकदीचं टॉनिक द्या.'

ती ओळ कशी आली ते मला नीट आठवत होतं. आमच्या जिल्ह्यात माणसाला साधा ताप आला तरी तो डॉक्टरला विचारतो, "ताकदीचं काय?" गोळीबरोबर लाल बाटली दिली नाही तर डॉक्टर बदलतो. पैलवानाचं गाव आहे, ताकद हवीच. गटाच्या पहिल्या बैठकीत बायकांनी तेच विचारलं होतं. "औषध कडक असतंय, पिल्लं गळून जातील. ताकदीचं काय?" मी तेव्हा हसले होते. पण प्रेसमध्ये प्रूफ बघताना तळाला एका ओळीची जागा उरली होती. मी तिथंच उभ्या उभ्या ती भरली. कुणाला विचारलं नाही. विचारायला होतं कोण?

मी दुकानातून बाहेर पडले. खोलीवर न जाता स्टँडवर जाऊन बाकावर बसले. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. मोबाइलमधली नावं वरपासून खालपर्यंत वाचली. यातल्या कुणाला सांगितलं तर समजेल? आणि समजलं तर पुन्हा माझ्याशी कोण बोलेल? चुलत्यांना फोन केला असता, तर त्यांनी विचारलं असतं, पत्रक कुणी तपासलं होतं? फोन ठेवून दिला आणि गडमुडशिंगीची गाडी धरली.

आक्का कोंबड्यांना पाणी ठेवत होत्या. गटातल्या दोघी-तिघी तुसाची पोती उतरवत होत्या. मी आधी पाण्याची सगळी भांडी उचलून बाहेर ओतली.

"अवो, अवो! आत्ता भरलंय की!"

"आक्का, टॉनिक बंद. आत्तापासून. नुसतं औषध."

"का ओ?"

मी सांगितलं. जसं वर लिहिलं तसंच, न लपवता.

"म्हंजे," आक्का म्हणाल्या, "एका हातानं त्या किड्याला मारत हुतो, आन् दुसऱ्या हातानं जेवायला घालत हुतो?"

"हो."

"आन् हे तुमच्या कागदात हुतं."

"हो. चूक माझी. तुमच्या हाताची नाही."

त्यांनी कोनाड्यातली बाटली काढली. तळाला थोडं लाल टॉनिक उरलं होतं. त्या बाटलीकडं बघत राहिल्या. "माझ्या नातवाला गेल्या महिन्यात असलीच बाटली लिवून दिलीती डॉक्टरनं. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे, पोरगं काय, खाईल-पिईल, हुईल ताकद. पिल्लांना आनली पर."

मला त्या शिव्या देतील, असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि ती ओटीत टाकली. एरवी मी गेले की कुणीतरी पळत जाऊन चहा टाकायचं आणि कप हातात येईस्तोवर मला सोडायचं नाही. त्या दिवशी कुणी हललं नाही. मी रस्त्याला येऊन गाडीची वाट बघत उभी राहिले.

शनिवारी मरतूक निम्मी झाली. सोमवारी सकाळी एकही मेलं नव्हतं. पण शेडमध्ये मोकळी जागा दिसत होती. आखाडाला जितकी जायची होती, तितकी ती आता उरली नव्हती.

कमिटीत चार जण होते. सरांनीच सुरुवात केली. "समाधानाची गोष्ट म्हणजे मरतूक थांबली. डॉक्टरांनी स्वतः बसून स्वच्छता सुधारून घेतली. आधी थोडा निष्काळजीपणा होता, पण आता..."

"निष्काळजीपणा नव्हता," मी म्हणाले.

"डॉक्टर, माझं पूर्ण होऊ द्या."

"स्वच्छता पहिल्या दिवसापासून होती. पत्रकातली ओळ चुकीची होती. ती मी लिहिली. त्या ओळीनं पिल्लं मारली."

सर माझ्याकडं वाकून म्हणाले, "पत्रकावर संस्थेचं नाव आहे. तोंडी बोललात, ठीक. लेखी नको."

"शालनआक्कांचं नाव लेखी टाकणार होता ना? मग माझं टाका."

"तुमच्या नोकरीचा विचार करा."

मी तिथंच एक कागद घेतला आणि चार ओळींत लिहून सही केली. सरांनी तो हातात घेतला, फाइलमध्ये मात्र लावला नाही. मग मी त्याच्या झेरॉक्स काढल्या. मथळा टाकला: 'माझ्या पत्रकात चूक आहे.' पुढचे पंधरा दिवस मी गावोगाव फिरले. जुनं पत्रक जिथं दिसेल तिथं शेवटच्या ओळीवर काळी शाई फिरवायची आणि नवा कागद द्यायचा. पत्रक वाटताना लोक मागं मागं येतात. दुरुस्ती वाटताना कुणी दारातून बाहेरही येत नाही. एका गावात म्हाताऱ्यानं मला शाई फिरवूच दिली नाही. म्हणाला, "वरचं कायबी खोडा, बाई. ताकदीचं ऱ्हाऊ द्या."

आक्कांचं नाव अहवालात आलं नाही. शेड बंद झाली नाही. माझी बदली मात्र झाली, दुसऱ्या प्रकल्पावर, टेबलावरच्या कामाला.

जाण्याआधी गटाची बैठक होती. पुढची पिल्लं आणायची की नाही, हे ठरायचं होतं. मला बोलावलं होतं, पण माझ्या शेजारची सतरंजी रिकामीच राहिली. बायकांनी पिल्लं आणायचं ठरवलं. शेड आक्कांकडंच राहील, हेही ठरलं. मग आक्का उठल्या आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "अजून एक लिवा. हितनं म्होरं कुनीबी डॉक्टरनं औषध सांगितलं, तर आदी अण्णांकडनं त्यातला कागद वाचून घ्यायचा. मगच कोंबडीला द्यायचं. कुनीबी म्हंजे कुनीबी."

सगळ्यांनी हात वर केले. ठरावाची वही फिरत फिरत माझ्याकडं आली. साक्षीदार म्हणून एक सही हवी होती, आणि गटाबाहेरची तिथं मी एकटीच होते.

"करायची ना म्याडम?" आक्कांनी विचारलं.

ठराव बरोबर होता. मी सही केली.

तेव्हापासून मी स्वतः लिहिलेला प्रत्येक कागद छापायच्या आधी माझ्याहून कमी शिकलेल्या एका माणसाला मोठ्यानं वाचायला लावते. वेळ जातो. पण कोंबड्या जात नाहीत.